पहिल्या दहा मिनिटांचे सेवक

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त युवक व पालक ह्यांच्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवसमितीनें मला ‘तरुणांनीं कोणता व्यवसाय पत्करावा’ ह्या विषयावर बोलावयास सांगितलें. विषय फार मोठा आहे. आणि मोठ्या विषयावर धर्मगुरु बोलूं लागला म्हणजे श्रोत्यांनीं जांभया आवरण्याची तयारी ठेवावी, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. म्हणून मीं त्यांतील एकच व्यवसाय निवडला आहे. गेल्या वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील तिघांनीं, दोन मुलगे व एक मुलगी ह्यांनीं, मजकडून चालचलणुकीचा दाखला नेला, तो रुग्णवाहिकेवरील शिक्षणासाठीं. ह्या पदास इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन म्हणतात. त्याहून अधिक शिकलेल्यास पॅरामेडिक. तिघांपैकीं एकाचे वडील मागाहून मजकडे आले व म्हणाले, “फादर, त्याला जरा समजवा. शिकलासवरलेला मुलगा, आणि स्ट्रेचर उचलण्याची हमाली करणार?” मीं त्यांना एवढेंच सांगितलें कीं, ह्याचें उत्तर चारचौघांत देईन. तें आज देतों.

मनुष्य पडतो एके ठिकाणीं आणि वैद्य असतो दुसऱ्या ठिकाणीं. ह्या दोन ठिकाणांमधलें जें अंतर आहे त्यांतच पुष्कळ माणसें मरतात. हृदय बंद पडलें तर प्राणवायूवांचून मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा होऊं लागते. मोठी रक्तवाहिनी तुटली तर तितक्याच वेळांत अंगांतील रक्त निघून जाऊं शकतें. बेशुद्ध माणूस उताणा पडला असतां त्याची जीभ मागें सरून श्वासाची वाट बुजते आणि तो निमूटपणें गुदमरतो. जवळ उभ्या असलेल्यांना वाटतें, झोपला आहे. ह्या मरणांना टाळण्यासाठीं प्रथम शस्त्रक्रियागृह लागत नाहीं. शिकलेले दोन हात लागतात, आणि ते तेथें, त्या घटकेला लागतात.

आपल्या हमरस्त्यावर अपघात झाला म्हणजे काय होतें तें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. जमाव जमतो. कोणी पाणी पाजूं पाहतो. चौघे धांवतात, एक काखेंत हात घालतो, दोघे पाय धरतात, डोकें लोंबकळत राहतें, आणि तसाच तो देह रिक्षांत कोंबला जातो. हेतु उत्तम असतो, ह्यांत मला शंका नाहीं. परंतु मानेचा मणका मोडलेला असेल तर ह्या उचलण्यानेंच तो माणूस जन्माचा लुळा होऊं शकतो. दयेला विद्येची जोड नसली म्हणजे असें घडतें.

अमेरिकेसारख्या संपन्न देशांतही साठ वर्षांपूर्वीं स्थिति फारशी बरी नव्हती. तेथील कित्येक गांवीं रुग्णवाहिका म्हणून जी गाडी येई, ती अंत्यविधीचा धंदा करणाऱ्याची असे; कारण आडवा माणूस मावेल अशी लांब गाडी त्याच्याकडेच असे. एकाच मालकाचीं हीं दोन गिऱ्हाइकें पाहून आपणांस हंसूं येईल. ज्याच्या दारांत ती गाडी उभी राही त्याला तें येत नसेल. १९६६ सालीं तेथील नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस ह्या विद्वन्मंडळानें एक अहवाल काढला. त्याच्या आदल्या एका वर्षांत अपघातांनीं १,०७,००० माणसें दगावलीं होतीं. अहवालानें ह्याला आधुनिक समाजाचा उपेक्षित रोग म्हटलें, आणि असें मत नोंदविलें कीं, गंभीर जखमी माणसाला शहरांतील रस्त्यापेक्षां रणांगणावर जगण्याची आशा अधिक आहे; कारण रणांगणावर जवळ शिकलेला शुश्रूषक तरी असतो.

पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील पिट्सबर्ग शहरीं हें काम पोलीस करीत. जी गाडी कैद्यांना नेई तीच आजाऱ्यांना नेई. पोलीस पुढें बसत आणि आजारी मागें एकटा. १९६६ च्या नोव्हेंबरांत त्या प्रांताचे माजी राज्यपाल डेव्हिड लॉरेन्स एका सभेंत कोसळले, तेव्हां त्यांनाही पोलिसांच्याच गाडींतून नेण्यांत आलें. ते शुद्धीवर न येतां कांहीं दिवसांनीं वारले. ज्या शहराचे ते पूर्वीं महापौर होते त्याच शहरीं त्यांना ह्याहून बरी गाडी मिळाली नाहीं. मग गरिबाची कथा काय सांगावी?

त्याच शहरांत पीटर सफार नांवाचे एक डॉक्टर होते. जन्म व्हिएन्नाचा, १९२४ चा. भूल देण्याच्या शास्त्रांत निष्णात. तोंडानें तोंडांत श्वास फुंकून माणूस जगवितां येतो, आणि त्यासाठीं डोकें मागें झुकवून श्वासाची वाट मोकळी करावी लागते, हें त्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत प्रयोगांनीं सिद्ध केलें होतें. नॉर्वेंत आस्मुंड लेर्डाल नांवाचे खेळणीं बनविणारे एक कारखानदार होते. हें कृत्य शिकण्यासाठीं त्यांनीं सफार ह्यांच्या प्रेरणेनें माणसाएवढा पुतळा बनविला, तो १९६० पासून जगभर शिकाऊ लोकांच्या हाताखालीं आहे. इतकें ज्यानें केलें त्याच्याच घरीं १९६६ सालीं दुःख आलें. त्यांच्या लहान मुलीला दम्याचा जोराचा झटका आला. रुग्णालयांत पोहोंचेपर्यंत मेंदूला प्राणवायु मिळाला नाहीं, आणि ती गेली. बापाची विद्या रुग्णालयांत होती आणि मुलीला ती वाटेंत हवी होती.

पुढच्याच वर्षीं, १९६७ सालीं, त्यांच्याकडे एक प्रस्ताव आला. शहराच्या हिल डिस्ट्रिक्ट नांवाच्या भागांत कृष्णवर्णीयांची दाट व दरिद्री वस्ती होती. तेथें फ्रीडम हाउस नांवाची एक संस्था वस्तींतील लोकांना कामधंदा मिळवून देई आणि ताजी भाजी घरोघर पोहोंचवी. फिल हॅलन ह्या गृहस्थांनीं सुचविलें कीं, हेच लोक रुग्णवाहिका कां चालविणार नाहींत? सफार ह्यांनीं होकार दिला. पण नुसते गाडीवान तयार करण्यास ते राजी नव्हते. त्यांनीं सुमारें ३०० तासांचा अभ्यासक्रम आंखला. शिकावयास आले ते कोण? बेकार, व्हिएतनामच्या लढाईवरून परतलेले, कित्येक शाळा अर्धवट सोडलेले. ज्यांना काम देण्यालायक नाहींत असें शहरानें ठरविलें होतें असे हे लोक. त्यांना शरीररचना शिकविली; श्वासमार्ग, रक्तस्राव, बाळंतपण, गाडी सुरक्षितपणें चालविणें हें शिकविलें; शस्त्रक्रियागृहांत उभें केलें आणि शवागारांतही नेलें. १९६८ सालीं गाड्या रस्त्यावर आल्या. त्याच एप्रिलांत मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या वधानंतर वस्तींत दंगली उसळल्या, तेव्हांही त्या फिरत होत्या. पहिल्याच वर्षीं सुमारें ५,८०० हांकांना हे लोक धांवून गेले. आज जगभर ज्याला पॅरामेडिक म्हणतात त्याच्या पहिल्या नमुन्यांपैकीं हा एक होय.

येथें एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढें जाववत नाहीं. ह्या लोकांना अनेक ठिकाणीं गोऱ्या रुग्णांनीं अंगाला हात लावूं दिला नाहीं. प्राण जात असतांही स्पर्श नाकारणें म्हणजे काय, हें दुसऱ्या देशांत कदाचित् समजावून सांगावें लागेल. आपल्या देशांत लागत नाहीं. पण दम कोंडलेला माणूस फार वेळ जात पहात बसत नाहीं, आणि ज्यानें त्याला श्वास दिला त्याचा हात मागाहून तो विसरत नाहीं.

१९७४ च्या सुमारास डॉक्टर नॅन्सी कॅरोलाइन ह्या तरुण बाई ह्या पथकाच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. त्या स्वतः गाडींत बसून जात, चुका तेथल्या तेथें दाखवीत. संघराज्य सरकारनें सबंध देशासाठीं पॅरामेडिकचा अभ्यासक्रम त्यांच्याकडून करवून घेतला. पुढें त्यांचें पाठ्यपुस्तक जगभर चाललें. म्हणजे शाळा सोडलेल्या ह्या मंडळींच्या हातीं जें घासूनपुसून तयार झालें, तेंच पदवीधरांना शिकण्याचें माप ठरलें.

आतां ह्या कथेचा कडू भाग. १९७५ सालीं शहरानें स्वतःचें पथक काढलें आणि फ्रीडम हाउसच्या गाड्या बंद झाल्या. तेथील लोकांना नव्या पथकांत घेतलें खरें, पण त्यांचीं पथकें मोडलीं, नवख्या गोऱ्या माणसांना त्यांच्यावर नेमलें, नव्या परीक्षा लादल्या. कांहीं वर्षांत बहुतेक बाहेर पडले. जॉन मून नांवाचे एक गृहस्थ मात्र चिकाटीनें राहिले व पुढें त्याच शहरसेवेंत उपप्रमुखाच्या हुद्द्यापर्यंत चढले. मीं ही गोष्ट मुद्दाम सांगितली. प्रमाणपत्र ही दुधारी वस्तु आहे. अडाण्याच्या हातून रुग्णाला वांचविण्यासाठीं तें असावें. जाणत्याला दाराबाहेर ठेवण्यासाठीं नसावें. जेथें तें दुसऱ्या कामीं वापरलें जातें तेथें परीक्षेच्या नांवाखालीं अन्याय होतो, आणि असा अन्याय कागदोपत्रीं फार स्वच्छ दिसतो.

मग प्रमाणपत्राचा खरा अर्थ काय? अमेरिकेंत आज प्राथमिक पदासाठीं दीडशे ते दोनशे तास शिकावें लागतें, पॅरामेडिकसाठीं हजारांहून अधिक; १९७० सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय नोंदणीसंस्था परीक्षा घेते, आणि उत्तीर्ण झालेल्यास दर दोन वर्षांनीं आपली पात्रता पुन्हां सिद्ध करावी लागते. मला ह्यांतील शेवटला भाग सर्वांत आवडला. आम्हां धर्मगुरूंना एकदां दीक्षा मिळाली कीं ती जन्माची. दर दोन वर्षांनीं परीक्षा ठेवली असती तर किती उत्तीर्ण झालों असतों कोण जाणे! पण हाताची विद्या वापराविना विसरते. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळां, पांच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावी, तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावे, हें वाचून कोणालाही पाठ होईल. तें रात्रीं दोन वाजतां, पावसांत, आक्रोश करणाऱ्या बायकोसमोर करतां येणें ह्याचा दाखला वेगळा.

आणि ह्या दाखल्यांत जितकें ‘हें कर’ असतें तितकेंच ‘हें करूं नको’ असतें. कोणतें औषध द्यावयाचें, कोणतें डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यावयाचें नाहीं, कोठें थांबावयाचें, कोणाच्या स्वाधीन करावयाचें, हें सर्व ठरलेलें असतें. ह्यावरून मला आमच्या धर्मशिक्षणांतील एक जुना धडा आठवतो. मरणोन्मुख बालकाला धर्मगुरु नसतांना कोणीही स्नानसंस्कार देऊं शकतो. पाणी ओतावें, ठरलेले शब्द म्हणावे, आणि चर्चचा जो हेतु तोच मनांत असावा. देणारा स्वतः ख्रिस्ती नसला तरी चालतें. पूर्वीं सुइणींना हें आवर्जून शिकवीत, आणि लोकांना तें नीट शिकविणें हें आजही धर्मगुरूचें कर्तव्य आहे. मात्र त्या सुइणीनें प्रवचन करावयाचें नव्हतें, बाकीचे विधि आटोपावयाचे नव्हते. जेवढें अवश्य तेवढें अचूक करावयाचें आणि पुढें धर्मगुरूला कळवावयाचें. रुग्णवाहिकेवरील माणसाचें काम थेट ह्याच जातीचें आहे. ज्यांनीं चर्चमध्यें हा धडा पिढ्यान् पिढ्या ऐकला त्यांना हा व्यवसाय परका वाटूं नये.

आपल्या देशाकडे वळूं. १०८ ह्या क्रमांकाची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजीं हैदराबादेंत सुरू झाली व हळूहळू अनेक राज्यांत पसरली. तेथें बहुधा गाडींत एक टेक्निशियन आणि एक चालक असतो. चालकाला तेथें ‘पायलट’ म्हणतात, आणि मला तें नांव योग्य वाटतें. महाराष्ट्रांत ही सेवा २०१४ सालीं ९३७ गाड्यांनिशीं सुरू झाली; येथील योजनेंत गाडीवर डॉक्टरच नेमण्याचें ठरलें. म्हणून आपल्या मुलांना हें शिक्षण घेतल्यावर काम बहुधा रुग्णालयांच्या स्वतःच्या गाड्यांवर, तातडीच्या विभागांत, कारखान्यांत किंवा खाजगी सेवेंत मिळेल. २०२१ सालीं संसदेनें वैद्यकाशीं संलग्न व्यवसायांसाठीं राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि डॉक्टर व परिचारिका ह्यांखेरीज इतर आरोग्यव्यवसायांच्या शिक्षणाला व नोंदणीला एक चौकट दिली. त्यापूर्वीं ज्याला जसें वाटेल तसा तो वर्ग काढी.

पालकांनो, एक सावधगिरीची सूचना. आठवड्याभरांत पॅरामेडिक करून देतों अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. आठवड्यांत प्रथमोपचार शिकतां येतो, आणि तो सर्वांनींच शिकावा; पॅरामेडिक होतां येत नाहीं. पैसे भरण्यापूर्वीं तीन गोष्टी विचारा: अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची, रुग्णालयांत व गाडीवर प्रत्यक्ष किती तास उभें करणार, आणि परीक्षा घेणारा शिकविणाऱ्याहून निराळा आहे कीं नाहीं. ज्यांची दृष्टि आखाताकडे किंवा अमेरिकेकडे आहे त्यांनीं हेंही जाणून असावें कीं, येथील दाखला तेथें जसाच्या तसा चालत नाहीं. तेथला परवाना निराळा काढावा लागतो.

पगार मोठा नाहीं, हें मी लपवीत नाहीं. रात्रपाळी आहे, सणावारीं घराबाहेर राहणें आहे. नाताळच्या रात्रीं आपण मिस्सेला जाल तेव्हां तो हमरस्त्यावर असेल. स्ट्रेचर उचलावा लागतो, होय; आणि पाठ न मोडतां, रुग्णाची मान न हलवितां तो उचलण्याचीही विद्या आहे. सर्वांत जड ओझें निराळेंच असतें. अभ्यंगाचें तेल घेऊन मला कित्येकदां अशा घरीं जावें लागतें जेथून रुग्णवाहिका नुकतीच रिकामी परतलेली असते. मला तेथें प्रार्थना तरी असते. त्या पोरांच्या हातीं पुढची हांक असते. तेव्हां आपला मुलगा अथवा मुलगी पहांटे घरीं येऊन बोलली नाहीं तर खोदून विचारूं नका. चहा द्या. बोलावयाचें असेल तेव्हां तीं आपण होऊन बोलतील.

आतां आम्हां उरलेल्यांविषयीं थोडेंसें. गाडी कितीही जलद आली तरी तिच्या आधीं तेथें कोणीतरी असतोच, आणि तो आपणांपैकीं असतो. पोलीस गुंतवतील, कोर्टांत खेपा घालाव्या लागतील, ह्या भयानें लोक तोंड फिरवून जातात. ह्या भयाला आतां कायद्यांत आधार राहिलेला नाहीं. ३० मार्च २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम मान्य केले, आणि २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत कलम १३४-अ घालण्यांत आलें. सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर दिवाणी अथवा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. आपलें नांव सांगण्याचीही सक्ति त्याच्यावर नाहीं. ह्या कायद्यांत मदत करणाऱ्याला जें नांव दिलें आहे तें ‘गुड समॅरिटन’ असें आहे. संत लूकच्या दहाव्या अध्यायांतील तो शोमरोनी आपल्या देशाच्या कायदेपुस्तकांत येऊन बसला आहे. आणि ज्या आपण त्याची गोष्ट लहानपणापासून ऐकतों त्यांनींच गाडीची कांच वर करून पुढें निघून जावें, हें बरें दिसत नाहीं. त्या गोष्टींतील कामाचा क्रम एकदां नीट पहा. तो जवळ गेला. जखमा धुऊन बांधल्या. आपल्या जनावरावर घालून नेलें. उतारशाळेंत स्वाधीन केलें. खर्चाची तजवीज केली, आणि परत येतांना जास्त झालेला खर्च भरून देण्याचें वचन दिलें. कोणत्याही रुग्णवाहिकेच्या नोंदवहींत हींच खानें असतात.

अंगीं बाणवावयाचीं कामें थोडीं आहेत. प्रथम १०८ ला हांक द्या आणि ठिकाण नीट सांगा. ‘चर्चजवळ’ एवढ्यानें भागत नाहीं, आपल्याकडे चर्च पुष्कळ आहेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्यानें जखमेवर घट्ट दाबून धरा आणि दर मिनिटाला उघडून पाहूं नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालूं नका. तो श्वास घेत असेल आणि मानेला दुखापत झाल्याचा संशय नसेल तर त्याला कुशीवर वळवा. श्वास नसेल तर छाती दाबावयास लागा. सर्पदंश झाला तर जखम कापणें, चोखणें, दोरीनें आवळणें हें सारें सोडा. तो अवयव हालूं न देतां रुग्णालयांत न्या, कारण विषावर उतारा तेथेंच आहे. वाडींतील मांत्रिकाकडे अर्धा तास घालविल्यावर रुग्णालयाची आठवण येते, हें मीं ह्याच धर्मग्रामांत पाहिलें आहे.

तिघांपैकीं जिचें शिक्षण ह्या महिन्यांत पुरें झालें ती मुलगी येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या सभागृहांत छाती दाबण्याचें प्रात्यक्षिक दाखविणार आहे. लेर्डाल ह्यांच्या जातीचा एक पुतळा एका रुग्णालयाकडून दिवसापुरता मागून आणला आहे. पुतळा एकच असल्यामुळें वीस वीस जणांचे गट केले आहेत. नांवें कचेरींतील वहींत लिहावीं. ज्यांना गुडघे टेकतां येत नाहींत त्यांनींही यावें. हांक कशी द्यावी आणि गर्दी कशी मागें सारावी हें उभ्यानें शिकतां येतें. आणि ज्या गृहस्थांनीं मला तो प्रश्न विचारला होता त्यांचें नांव मीं पहिल्या गटांत आधींच लिहून ठेवलें आहे.